पाइपचं वळण: आर्क की स्प्लाइन?

उद्यमबागवाला:
गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या शिकाऊ पोरानं कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये, हायड्रॉलिक पॉवरपॅकचा (दाबानं तेल पुरवणाऱ्या यंत्राचा) एक पाइप काढला. टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंत सात पॉइंट टाकले, त्यांतून थ्रीडी स्प्लाइन, म्हणजे सगळ्या पॉइंटांतून जाणारी सलग वाकडी रेघ, ओढली आणि वर स्वीप मारला, म्हणजे त्या रेघेवरनं गोल सरकवून पाइप केला. स्क्रीनवर असा देखणा दिसत होता की बघत बसावं. ड्रॉइंग बेंडिंगवाल्याकडं गेलं आणि पाच मिनिटांत फोन: "साहेब, रेडियस किती धरू?" काय सांगणार? स्प्लाइनला एक रेडियस नसतोच, जागोजागी बदलतो. त्याची डाय (पाइप वाकवायचा साचा) मात्र एकाच रेडियसची. त्याला हवी सरळ लांबी, पाइप किती फिरवायचा ते आणि किती अंशात वाकवायचा ते.

माझं मत स्पष्ट आहे. मेकॅनिकलच्या पोरांना पहिली दोन वर्षं स्प्लाइनचं बटण दाखवूच नये. सरळ रेघा मारा, कोपऱ्यांना फिलेट (आर्कची गोलाई) द्या, विषय संपला. आर्क म्हणजे वर्तुळाचा तुकडा; एका रेषेत नसलेल्या तीन पॉइंटांतून एकच वर्तुळ जातं, त्यात वादाला जागा नाही.

पॅटर्नवाला मच्छे:
चूक पोराची आणि शिक्षा बटणाला, असं झालं की ओ हे! पाइप आर्कनंच काढायचा, मान्य. पण पंपाचं केसिंग (वाढत्या वळणाचं बाहेरचं कवच) फिलेट मारून काढून दाखवा.

आमचे वडील ओतकामाच्या साच्यासाठी सागवानी पॅटर्न करायचे. प्लायवर मापानं खिळे ठोकायचे, बँडसॉच्या तुटक्या ब्लेडची पट्टी त्यांना लावून वाकवायची आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. एखादा खिळा चुकला की पट्टी तिथं फुगायची. डोळ्याला दिसायच्या आधी त्यांच्या बोटाला कळायचं, मग तो खिळा काढून अर्धा मिलिमीटर आत. स्प्लाइन म्हणजे दुसरं काय? जहाजांचे आराखडे काढणारे लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून धरायचे, त्या पट्टीचंच हे नाव. १९४६ साली गणितज्ञ आयझॅक शोनबर्ग यांनी ते गणितात आणलं.

उद्यमबागवाला:
केसिंगची जुनी ड्रॉइंग आहेत माझ्याकडं. एकाला एक लागून वाढत्या रेडियसचे आर्क, कंपासनं काढलेले. पंप चाललेच ना त्यांचे?

घाटातला ड्रायव्हर:
चालले. पण चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना बघा, वळण यायच्या आधीच आपण स्टिअरिंग हळूहळू फिरवायला लागतो. सरळ रेघेला थेट आर्क जोडला की दिशा जुळते, वक्रता (वळण किती तीव्र ते) जुळत नाही; शून्यावरनं एकदम उडी. स्टिअरिंग झटक्यात फिरवल्यासारखं. म्हणून तर रस्ता आखणारे मध्ये हळूहळू वळत जाणारा तुकडा घालतात. मशीनमधल्या कॅमवर (उंचसखल कडेच्या फिरत्या चाकावर) टेकून चालणाऱ्या फॉलोअरला हाच झटका बसतो, आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर उजेडाची रेघ नेमकी त्या जोडावर मोडलेली दिसते.

खानापूरची मास्तरीण:
स्प्लाइन वापरली हा गुन्हा नाही, सात पॉइंट टाकले हा आहे. पोरांना वाटतं जितके पॉइंट जास्त तितकी अचूकता. उलट, प्रत्येक पॉइंट म्हणजे फुगवटा यायला एक जागा. मी वर्गात आधी दोनच टोकं देते, आणि त्या टोकांची दिशा ओढायला दोन हँडल. वळण हँडलांना शिवत नाही, नुसतं त्यांच्याकडं ओढलं जातं. हे डोक्यात बसायला आठवडा जातो. बेझिए वक्र तो हाच. खरं तर सित्रोएन या मोटार कंपनीत द कास्तेल्जो यांनी तो १९५९ सालीच काढला होता. पण कंपनीनं गुपित ठेवला, आणि नाव झालं रेनॉ या दुसऱ्या मोटार कंपनीतल्या बेझिएंचं.

मात्र उद्यमबागवाल्यांच्या बाजूचंही एक सांगते. साध्या बेझिएतून खरं वर्तुळ निघतच नाही. ५० मिमी रेडियसचा पाव गोल एका क्यूबिक (दोन टोकं, दोन हँडलांच्या) तुकड्यानं नेहमीच्या रीतीनं काढला, तर साधारण ०.०१४ मिमीची चूक राहते. बेअरिंगच्या सीटला हे चालेल का? नर्ब्जमध्ये (पॉइंटांना कमी-जास्त वजन देता येणाऱ्या स्प्लाइनमध्ये) मधल्या पॉइंटला ०.७०७ वजन दिलं की गोल अचूक येतो, पण गोलच हवा असेल तर गोल काढा की!

व्हीएमसी, नाइट शिफ्ट:
तुमचं भांडण एसीत. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, काय येतं ते मला विचारा. आमच्या जुन्या कंट्रोलरला स्प्लाइन कळत नाही. मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं कॅम सॉफ्टवेअर तिचे बारीक सरळ तुकडे करून देतं. ५० रेडियसचं वळण ०.०१ मिमी टॉलरन्सनं (इतकी चूक चालेल असं धरून) फोडलं तर एक तुकडा २ मिमीचा, म्हणजे पुरत्या गोलाला प्रोग्रॅममध्ये जी०१च्या (सरळ चालीच्या) दीडशेवर ओळी. तेच आर्क असेल तर जी०२ची (गोल चालीची) एक ओळ. त्या दीडशे ओळींवर मशीन अडखळत चालतं आणि जॉबवर नखाला लागतील असे पैलू पडतात. मग सकाळी एमरी पेपर घेऊन घासायचं कुणी? मीच.

पॅटर्नवाला मच्छे:
मग टॉलरन्स बारीक करा, नाहीतर कॅम सॉफ्टवेअरला आर्क बसवायला सांगा. तशी सोय असते त्यात.

व्हीएमसी, नाइट शिफ्ट:
सांगतो. नवीन कंट्रोलरचे पैसे पण तुम्हीच देताय काय?

उद्यमबागवाला:
बरं, "बटण दाखवू नये" मागं घेतो. केसिंगला, कॅमला स्प्लाइन वापरा. पण वक्रतेचा कंगवा (वळण कुठं किती तीव्र ते दाखवणाऱ्या रेघा) चालू करून बघितल्याशिवाय आणि कमीत कमी रेडियस लिहिल्याशिवाय ड्रॉइंग माझ्या टेबलावर आणायचं नाही. पाइपला मात्र आर्कच, तिथं मी हलणार नाही.

पोरानं पाइप परत काढलाय: चार सरळ तुकडे, तीन बेंड, रेडियस सगळीकडं ७५. आत्ताच बेंडिंगवाल्याचा परत फोन येऊन गेला. दोन बेंडांमधली सरळ लांबी कमी आहे म्हणतोय, क्लॅम्पला धरायला जागा नाही.