वाफे, पेंड आणि केळ्याचा केक

ताई, कुत्रा नवे वाफे रोज उकरतो म्हणून त्याला बांधून ठेवावं का, आणि बिनसाखरेचा केक त्याला चालेल का, असं विचारलंय तुम्ही.

आधी खत कुठलं घातलंय ते बघा. माझ्या दोघा कुत्र्यांनी मिरचीची रोपं तीनदा उपटली, तेव्हा मी त्यांच्या स्वभावाला बोल लावत बसले होते. खरी ओढ होती खतातल्या हाडांच्या चुऱ्याची! एरंडीची पेंड तर घरात आणूच नका. कुत्रे ती आवडीनं खातात आणि तिच्यात रायसिन हे विष राहिलेलं असू शकतं. मी आता शेणखतावर भागवते आणि माडाच्या बुंध्याजवळ एक कोपरा त्यांना उकरायला सोडलाय. पावसात फोंड्याकडे फिरायला न्यायचे वांधेच, मग तिथंच लाल चिखलात लोळतात. (पडवी कोण पुसतं, ते विचारू नका.)

केकला मी पिकून काळी पडलेली केळी कुस्करून घालते, वरून साखर नाही. माडाचा गूळ चवीला झकास, पण तीही साखरच, मधुमेहवाल्यांनी फसू नये. मात्र तुमच्या साखरेऐवजीच्या पुडीत झायलिटॉल असेल तर कुत्र्यासमोर चुराही सांडू देऊ नका. त्यानं कुत्र्याचं इन्सुलिन एकदम वाढतं, रक्तातली साखर कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं. मनुका आणि चॉकलेटही नकोच. डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा, मी तेच करते.