बागेतील शंखी गोगलगायींचा बंदोबस्त कसा करावा?

तळमजल्याची बाग, डोंबिवली

नमस्कार. आमच्या इमारतीच्या तळमजल्यासमोर साधारण 300 चौरस फुटांची मोकळी जागा आहे. तिथे अळू, मिरची, झेंडू, दोन पपया आणि एक लिंबाचे झाड लावले आहे. पावसाने जोर धरल्यापासून शंखी गोगलगायींनी या बागेचा फडशा पाडायला सुरुवात केली आहे. संध्याकाळी लावलेल्या झेंडूच्या रोपांचे सकाळी नुसते खुंट उरलेले असतात, आणि मिरचीच्या पानांवर व फरशीवर चिकट पदार्थाच्या चकाकत्या रेघा वाळलेल्या दिसतात. रात्री विजेरी घेऊन पाहिले, तर बोटाएवढ्या गोगलगायी कुंपणाच्या भिंतीवर चढून चुन्याचा रंग खरवडत असतात. त्या जिथून गेल्या तिथे रंगावर नागमोडी फिकट पट्टे उमटले आहेत.

शेजाऱ्यांनी मीठ टाकण्याचा सल्ला दिला आहे. बियाण्यांच्या दुकानात विषारी गोळ्या मिळतात, पण इमारतीत लहान मुले आहेत आणि एक पाळीव कुत्राही आहे. याशिवाय अंड्यांची टरफले, राख, कॉफीचा चोथा असे अनेक उपाय ऐकायला मिळतात. यांपैकी खरोखर उपयोगाचे काय, आणि सुरुवात कुठून करावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

सोयाबीनवाले, लातूर जिल्हा

नमस्कार. आपण वर्णन केलेली गोगलगाय म्हणजे आफ्रिकन शंखी गोगलगाय, आणि तिच्याशी आमची ओळख फार कडू आहे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव या भागांत तिने उगवून आलेले सोयाबीन दोन पानांवर असतानाच कुरतडून टाकले होते आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली होती. शेत असो वा अंगण, तिचे वागणे एकच असते, म्हणून आमचा अनुभव आपल्याला उपयोगी पडावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ही लढाई औषधाची नसून वेळेची आहे. हिवाळा आणि उन्हाळा ती जमिनीत, बांधाच्या कपारीत किंवा कुंड्यांच्या खाली शंखाचे तोंड पातळ पांढऱ्या पडद्याने बंद करून काढते. जूनच्या पावसाने माती ओली झाली, की ती बाहेर येते, पोटभर खाते आणि मग अंडी घालते. नर आणि मादी असे वेगळे प्राणी यात नसतात. प्रत्येक वाढलेली गोगलगाय अंडी घालू शकते, आणि एका खेपेला घातलेल्या अंड्यांची संख्या 100 च्या पुढे, कधी 400 पर्यंतही जाते. म्हणून पहिल्या पावसानंतर बाहेर पडलेली एक गोगलगाय उचलणे हे श्रावणात शेकडो पिल्ले वेचण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. आपला हंगाम सुरू झाला असला, तरी आज सुरुवात केल्यास पुढची पिढी निश्चित रोखता येईल.

वेचणीसाठी आम्ही गोणपाट वापरतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती सूर्यास्ताच्या सुमारास वाफ्यांच्या कडेला पसरून ठेवावीत. वासाने आणि ओलाव्याने गोगलगायी रात्रभरात त्यांच्याखाली जमतात, आणि ऊन चढण्यापूर्वी पोते उलटले, की सगळ्या एकाच ठिकाणी हाती लागतात. पपईची पाने किंवा कोबीचा पाला पोत्याखाली ठेवला तर आणखी चांगले. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात आणि मेल्यानंतर खोल खड्ड्यात चुना घालून पुराव्यात. मीठ बादलीतच ठीक आहे, बागेत ते मुळीच टाकू नये. 300 चौरस फुटांच्या मातीत मीठ उतरले, तर गोगलगायींच्या आधी आपली मिरचीच जळेल.

हे काम रोज, न कंटाळता करावे लागते आणि शेजारपाजाऱ्यांनी मिळून करावे लागते. आमच्याकडे ज्या शिवारात सर्वांनी एकाच वेळी वेचणी केली तिथेच फरक दिसला; एकट्याने आपले रान साफ केले, तर बांधापलीकडून नव्या गोगलगायी येतच राहतात. आपल्या इमारतीच्या मागच्या गल्लीत राडारोडा किंवा कुजका पालापाचोळा पडला असेल, तर मूळ ठाणे बहुधा तिथेच सापडेल.

पशुवैद्यक, पुणे

दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्या सहसा मेटाल्डिहाइड 2.5 टक्के या औषधाच्या असतात. शेतासाठी त्यांचे प्रमाण एकरी 2 किलो सांगितले जाते, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम. त्या हिशेबाने आपल्या संपूर्ण जागेला 14-15 ग्रॅम पुरतात, परंतु घरगुती बागेत लोक मूठमूठ टाकतात. या गोळ्यांमध्ये गोगलगायीला आकर्षित करणारे खाद्य असते आणि तेच कुत्र्यांनाही आवडते. कुत्र्याने त्या खाल्ल्या तर थोड्याच वेळात अंग थरथरते, ताप अतिशय वाढतो आणि झटके येतात. या विषावर नेमका उतारा नाही; लक्षणांवर उपचार करत प्राण्याला जगवावे लागते. पक्ष्यांना व वन्य प्राण्यांना होणाऱ्या धोक्यामुळे ब्रिटनने 2022 च्या वसंतापासून मेटाल्डिहाइडचा उघड्यावरील वापर बंद केला आहे. ज्या अंगणात मुले आणि कुत्रा वावरतात, तिथे या गोळ्या वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध हवेच असेल, तर आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या तुलनेने पुष्कळ सुरक्षित आहेत, तरीही त्या झाकून आणि मोजूनच वापराव्यात.

दुसरी सूचना आपल्या स्वतःसाठी आहे. उघड्या हाताने गोगलगाय उचलू नका. उंदरांच्या फुफ्फुसांत राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगायींच्या शरीरात असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या, तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. हातमोजे किंवा चिमटा वापरावा, मुलांना खेळू देऊ नये, आणि बागेतील कोथिंबीर किंवा कोणताही कच्चा पाला पान न् पान नीट चोळून धुतल्याशिवाय खाऊ नये.

बागायतदार, रत्नागिरी

अडथळ्यांच्या उपायांविषयी थोडे लिहितो. लिंबाच्या झाडासाठी 10 टक्के बोर्डो पेस्ट उत्तम. 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून 10 लिटर पाण्याच्या हिशेबाने एकत्र करावे आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत खोडाला लावावे. एका झाडासाठी अर्थातच याचा छोटा अंश पुरेल. मोरचुदातले तांबे गोगलगायीला सहन होत नाही, आणि त्याच पेस्टने बुरशीचाही बंदोबस्त होतो. रोपांच्या वाफ्याभोवती चुन्याचा चार बोटे रुंद पट्टा ओढता येतो, पण कोकणात काय आणि डोंबिवलीत काय, आषाढातल्या पावसात तो एका रात्रीत वाहून जातो. चुना किंवा राख कोरडी असेपर्यंतच काम करते. म्हणून हा उपाय उघडिपीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

अंड्यांच्या टरफलांवर माझा विश्वास नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये सॅलडच्या लेट्यूसवर टरफले, तांब्याची पट्टी, जाड खडी, पाइनच्या सालीचे आच्छादन आणि लोकरीच्या गोळ्या वापरून पाहिल्या, तेव्हा उपाय केलेल्या आणि न केलेल्या रोपांच्या नुकसानीत फरक आढळला नाही. शंखासाठी चुनखडी लागते म्हणून तर ही गोगलगाय आपल्या भिंतीचा रंग खाते; तिच्यापुढे टरफले टाकणे म्हणजे तिला आयते खाद्य देणे होय.

झेंडूची रोपे वाफ्यात लहानपणीच लावण्याऐवजी उंच मांडणीवरील कुंडीत वीतभर वाढवून, देठ थोडा जून झाल्यावर खाली लावावीत. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालावे, म्हणजे रात्री वरची माती कोरडी राहते. रोपवाटिकेतून आणलेले प्रत्येक रोप पिशवीतून काढून त्याची माती तपासावी आणि शेणखत पसरण्यापूर्वी चाळून घ्यावे, कारण बहुतेक बागांत ही पीडा याच वाटेने शिरते.

निसर्गनिरीक्षक, भंडारदरा परिसर

वरील सर्व सूचना योग्य आहेत, मात्र वेचताना ओळख पटवून घ्यावी अशी विनंती आहे. आफ्रिकन गोगलगायीचा शंख निमुळता, टोकदार आणि तपकिरी असतो, त्यावर गडद पट्टे असतात, आणि तो सहज तीन-चार इंच भरतो. ही मूळची पूर्व आफ्रिकेची; 1847 मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यातील एका बागेत सोडल्या आणि तिथून तिचा भारतातील प्रवास सुरू झाला. याउलट, सह्याद्रीत कितीतरी प्रकारच्या लहान गोगलगायी पिढ्यान्‌पिढ्या कुजलेला पाला आणि शेवाळ खाऊन राहत आल्या आहेत. त्यांतील काही कोवळी पानेही खातात हे खरे, परंतु नखाएवढा नाजूक शंख दिसला म्हणून तो बादलीत टाकण्याचे कारण नाही.

भारद्वाज पक्षी मोठ्या गोगलगायी फोडून खातो, आणि काजव्यांच्या अळ्या तर गोगलगायींवरच पोसतात. विष टाकले, तर हे मदतनीसही उपाशी राहतात किंवा मरतात. तसेच गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडण्याचा विचार कोणीही करू नये. हवाईत 1955 मध्ये अशी शिकारी गोगलगाय सोडली गेली, पुढे ती पॅसिफिकमधील इतर बेटांवरही नेण्यात आली, आणि तिने तिथल्या स्थानिक गोगलगायींच्या अनेक जाती नामशेष केल्या.

तळमजल्याची बाग, डोंबिवली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोळ्यांचा विचार सोडून दिला आहे आणि इमारतीतील चार घरांनी मिळून पोती लावण्याचे ठरवले आहे. एक शंका उरते: अळूच्या कुंडीखालची माती उकरताना साबुदाण्यासारख्या पिवळसर पांढऱ्या गोल दाण्यांचा पुंजका सापडला. ही त्यांचीच अंडी असावीत का, आणि असल्यास त्यांचे काय करावे?

सोयाबीनवाले, लातूर जिल्हा

होय, वर्णनावरून ती अंडीच आहेत, आणि ती आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात. मातीसकट तो पुंजका उचलून उकळत्या पाण्यात टाकावा. नुसता उन्हात किंवा कचऱ्यात टाकू नये. इतर सर्व कुंड्या उचलून त्यांच्या बुडाखाली, तसेच लिंबाच्या आळ्यातील वरची दोन-तीन इंच माती हलकेच उकरून पाहावी, कारण गोगलगाय अंडी पृष्ठभागाच्या जवळच घालते. पाऊस संपेपर्यंत ही तपासणी आठवड्यातून एकदा करत राहावी, आणि पुढील वर्षी मे महिन्याच्या शेवटी, माती कोरडी असतानाच, तोंड बंद करून बसलेल्या गोगलगायी याच जागी शोधाव्यात.