माणगावचा पुतळा, आणि तुमच्याकडचे 'तिकडेच राहिलेले'

पाऊसपाणी: गणपतीला गावी जाताना नेहमीप्रमाणे माणगावात अडकलो. गाडी हलेना म्हणून पोराला घेऊन खाली उतरलो, तहसील कचेरीपाशी पुतळा आहे ना, तो बघून पोरगा म्हणे बाबा हा कोण. इतकी वर्षं त्या रस्त्याने जातोय पण कधी धड वाचलं नव्हतं. नाईक यशवंत घाडगे, इथल्याच पळसगावचे, व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचं शौर्याचं सर्वात मोठं पदक), इटलीत १० जुलै १९४४ ला गेले. वय २२. माझा भाचा २२ चा आहे, अजून त्याला आई डबा भरून देते.

तर आजी आठवली. तिचा धाकटा भाऊ पण त्याच लढाईच्या वेळी पलटणीत गेलेला. आजी कधी 'गेला' म्हणाली नाही, 'तिकडंच ऱ्हायला' म्हणायची. मला लहानपणी वाटायचं की मामाआजोबांना तिकडे नोकरी लागली, घरबिर केलं असेल. एकच फोटो होता, बेळगावच्या स्टुडिओतला, हातात सायकल धरून. आम्ही सायकलबद्दल विचारलं की म्हणायची, त्याची न्हाय रे, फोटूवाल्याची. तुमच्या घरात, गावात असं कोणी होतं का? लिहा जमेल तसं.

चहाबाज: दीड तासाच्या आत माणगाव पार केलेला माणूस मी अजून पाहिला नाही 😀 बाकी नंतर सविस्तर लिहितो, कुकर लागलाय.

कृष्णाकाठ: आमच्या सातारा साईडला घरटी एक तरी असतोच. अपशिंगे मिलिटरी माहित असेल, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ गेले, इंग्रजांनी लावलेला दगड आहे तिथं. आमचं गाव निराळं. माझा थोरला चुलता ७१ ला गेला. तार आली ती वाचायला गुरुजींना बोलावलं, गुरुजींनी वाचली, घडी घातली, म्हणाले सुट्टी वाढवून मिळाली नाही म्हणतोय, आणि निघून गेले. संध्याकाळी सरपंचांना घेऊन परत आले. त्या वेळी बॉडी वगैरे घरी येत नव्हती, तिकडेच उरकायचे, महिन्या-दोन महिन्यांनी ट्रंक आली. कपडे, दाढीचं सामान आणि सात नवे साबण. कँटीनचे, घरी न्यायला साठवलेले. आजीनं ते ठेवून नाही दिले, दर दिवाळीला पहिल्या अंघोळीला एक काढायची. सात दिवाळ्या पुरले. आठव्या दिवाळीला आजोबा बाजारातनं साबण घेऊन आले तर त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही.

रानमेवा: कृष्णाकाठ 🙏 ऑफिसमध्ये वाचायला नको होतं.

तर्कट: राग मानू नका पण ही इंग्रजांची लढाई होती, आपली पोरं फुकट गेली. पुतळे कसले?

जुनी_वही: फुकट कसली, पगारावर गेली. घरात खाणारी तोंडं नऊ, जमीन खोताची, मनीऑर्डर आली की सावकार दारात यायचा थांबायचा. घाडग्यांचं वाचा एकदा. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले, कोणी मेले कोणी जखमी, हे एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकला, टॉमी गनचं मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नाही म्हणून तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना आडवं केलं. मग लपलेल्या स्नायपरने टिपलं. त्या क्षणी राजा कुठला हे डोक्यात असेल का?

तर्कट: ते मान्य. प्रश्न त्यांच्यावर नव्हता, पाठवणाऱ्यांवर होता.

पेरुजावासी: मी शिकायला इटलीत आहे. इथल्या माँतोने गावात २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाने स्मारक केलंय, सनडायल म्हणजे सावलीचं घड्याळ आहे, छान आहे. रविवारी गेलेले, एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन बसलेले, मी इंडियन म्हटल्यावर उठून हात मिळवला, पुढचं मला काही कळलं नाही, माझी इटालियन भाजी घेण्यापुरतीच. घाडग्यांची कबर नाही सापडत, नाव इथल्याच कॅसिनो गावच्या मेमोरियलवर कोरलंय. पाऊसपाणी, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या साईटवर मामाआजोबांचं नाव टाकून बघा, कधीकधी वडलांचं नाव आणि गाव पण असतं.

गावकुसाबाहेर: कारगिल. मी दहावीला, तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. भरतीच्या १६०० मीटरला पळायला माझ्या भावाचे बूट नेलेले, पास झाल्यावर धुऊन, खडू लावून पांढरे करून परत दिले. पेटी आली तेव्हा शाळेने आम्हाला रस्त्याच्या कडेला उभं केलं, पाऊस, त्याची आई कोणालाच ओळखत नव्हती, सारखी म्हणत होती उघडा, तोंड तरी बघू द्या. ते बूट आमच्याकडे नंतर किती वर्षं होते, कोणी कधी टाकले, काही आठवत नाही. त्याचाच राग येतो.

रानमेवा: माझ्या सासूबाई म्हणतात निदान पेटी तरी आली. त्यांच्या काकू शेवटपर्यंत कुंकू लावायच्या, पेन्शन पण घ्यायच्या. पोस्टमास्तर काही बोलायचे नाहीत.

चहाबाज: आलो. लिहायला होतं पण आता वरचं वाचून सुचत नाहीये. माणगाव बायपास झाला की पुतळ्यापाशी कोण थांबणार हाच विचार करतोय.

कोलाडकर: बायपास होतोय कसला 😂 नातवंडं पण तिथेच थांबतील. बाय द वे परतताना वडापाव कुठे खाता तुम्ही लोक?

पाऊसपाणी: कोलाडकर, वेगळा धागा काढा राव. पेरुजावासी, धन्यवाद, साईटवर बघतोय, आडनावाचं स्पेलिंग त्यांनी काय केलंय देव जाणे. फोटो मामेभावाकडे आहे, मागवलाय. आत्ता आईला फोन केला तर म्हणते, सायकल त्याला येतच नव्हती.