नेटवर्क नसलेल्या गावात गिटवर केलेले काम सोमवारी रिमोटशी (सर्व्हरवरील सामाईक प्रतीशी) कसे जुळवावे?

प्रश्न (जांबोटी)
मी बेळगावात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार जांबोटीला घरी असतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की नेटवर्कही जाते, त्यामुळे दोन दिवसांचे कमिट (गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदवलेले बदल) लॅपटॉपवरच साठतात. गेल्या सोमवारी पुश केले (ते रिमोटवर पाठवले) तेव्हा ‘रिजेक्टेड, नॉन-फास्ट-फॉरवर्ड’, म्हणजे रिमोटवर माझ्याकडे नसलेले कमिट आहेत म्हणून नकार, असे आले; घाईत मी फोर्स पुश केले (नकार डावलून पाठवले) आणि सहकाऱ्याचे शनिवारचे दोन कमिट रिमोटच्या मेन शाखेवरून (कामाच्या मुख्य धारेवरून) नाहीसे झाले. ते परत मिळतील का, आणि आपण स्वतः कोणती पद्धत पाळता?

उत्तर (खानापूर)
काळजी करू नये, कमिट सहकाऱ्याच्या संगणकावर असणारच. त्याने रिसेट केले (शाखा दुसऱ्या कमिटवर नेली) असले तरी ‘गिट रिफ्लॉग’मध्ये, म्हणजे शाखा कुठून कुठे हलली याच्या स्थानिक नोंदीत, त्यांचे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) सापडतील, अशा सुटलेल्या नोंदी गिट मुळातच 30 दिवस ठेवते. मात्र त्याला आजच सांगा.

माझी पद्धत अशी आहे. शुक्रवारी निघण्यापूर्वी फेच करून (रिमोटवरचे नवे कमिट आणून) ओरिजिन/मेनवरून (रिमोटच्या मेनच्या माझ्याकडील नोंदीवरून) वेगळी शाखा काढतो आणि घरी तिच्यावरच काम करतो. सोमवारी आधी फेच करतो, पुल (फेच करून लगेच आपल्या शाखेत मिसळणे) नाही, कारण फेच रिमोटची नोंद ताजी करते पण माझ्या फायलींना हात लावत नाही. त्यामुळे ‘गिट लॉग मेन..ओरिजिन/मेन’ चालवून इतरांनी काय केले ते शांतपणे वाचता येते, आणि मगच माझी शाखा त्यावर रिबेस करतो, म्हणजे माझे कमिट त्यांच्या पुढे नव्याने रचतो. जी शाखा इतरांनी घेतली आहे ती रिबेस करू नये. फोर्स करणे भागच असेल तर ‘फोर्स-विथ-लीज’ वापरावे. आपण शेवटचे पाहिल्यानंतर रिमोट बदलले असेल तर ते पुश नाकारते. न वाचताच फेच केलेले असेल, तर मात्र हे संरक्षण उरत नाही.

उत्तर (निपाणी)
दोन दिवसांचे काम एकाच डिस्कवर राहते, याची मला अधिक चिंता वाटते. पेन ड्राइव्हवर ‘गिट इनिट --बेअर’ करून (कामाच्या फायलींशिवाय फक्त इतिहास ठेवणारी रेपॉझिटरी, म्हणजे गिटचा साठा, तयार करून) तो दुसरा रिमोट म्हणून जोडावा व रोज रात्री तिथे पुश करावे. रेपॉझिटरी बेअरच हवी, कारण साध्या रेपॉझिटरीत चालू असलेल्या शाखेवर पुश केले की गिट ते नाकारते.

प्रश्नकर्ता (जांबोटी)
सहकाऱ्याने पुल केलेच नव्हते. त्याने माझे कमिट फेच केले, आपले दोन त्यावर रिबेस केले आणि साधे पुश केले. मी त्याची क्षमा मागितली आहे, आणि मेनवर फोर्स पुश बंद करण्याची विनंतीही केली आहे.