एकट्याने चालवलेला लेखनाचा व्यवसाय : तुमचा कामाचा दिवस कसा जातो?

लेख, ब्लॉग, भाषांतर, जाहिरातीचा मजकूर, व्हिडिओची संहिता... यातलं काहीही लिहून ज्यांचं घर चालतं आणि ज्यांच्या हाताखाली कोणी नाही, त्यांच्यासाठी हा धागा. यशाची सूत्रं नकोत, ती भरपूर मिळतात. नेहमीचा कामाचा दिवस लिहा. सकाळी आधी काय उघडता, लिहायला किती वेळ हाती लागतो, बाकीचा कुठे जातो, कुठे अडतं आणि त्यावर काय केलंत. क्लायंटची नावं मात्र कृपया नकोत.

सुरुवात मी करते. मी रोजचा वेळ एका तक्त्यात टिपून ठेवते : लिहिणं, वाचणं-शोधणं, पत्रव्यवहार, हिशेब. लिहिण्याचा रकाना दिवसाच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोचतो. म्हणून दर सांगताना मी नुसते लेखाचे तास धरत नाही. आधीची बोलणी, मधल्या दुरुस्त्या, बिल पाठवल्यापासून पैसे येईपर्यंतचा पाठपुरावा, सगळं धरते. नोकरीत ही कामं करायला वेगळी माणसं असतात आणि त्यांना पगार मिळतो. आपण एकटे आहोत म्हणून ती कामं फुकटात का व्हावीत?

*

मी कंपन्यांसाठी ब्लॉग आणि अहवाल लिहितो. सकाळचे पहिले दोन-अडीच तास फक्त कच्च्या खर्ड्याचे, मेल दुपारी. पण मला लिहायचंय ते ब्रीफबद्दल, म्हणजे काय हवंय ते सांगणाऱ्या क्लायंटच्या सूचनांबद्दल, कारण माझा दिवस तिथेच सुधारतो किंवा बिघडतो.

"आमच्या नव्या सेवेवर छानसे आठशे शब्द हवेत" हा ब्रीफ नव्हे. असं आलं की मी उलट पाच प्रश्न पाठवतो. वाचणारा कोण? त्याला आधीपासून काय ठाऊक आहे? वाचून झाल्यावर त्याने काय करावं? तुम्हाला आवडलेला एक आणि नावडलेला एक लेख कोणता? आणि मजकूर मंजूर कोण करणार?

शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त मानतो. एका कामात माझ्याशी बोलणारी व्यक्ती एक, मंजुरी देणारे चौघे, आणि चौघांच्या कमेंट एकाच फाइलमध्ये. एका परिच्छेदाशेजारी "भाषा जरा अधिकृत हवी" आणि त्याच्याच खाली "फार जड झालंय, गप्पा मारल्यासारखं करा". पहिले कायदेविभागातले, दुसऱ्या विक्री सांभाळणाऱ्या. आपापल्या जागी दोघंही बरोबर, पण त्यांच्यातला वाद लेखकाने कसा मिटवायचा? माझ्या करारात आता तीन वाक्यं ठरलेली आहेत : अभिप्राय एकत्र करून एकाच व्यक्तीने पाठवायचे, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या आहेत, आणि ब्रीफ बदलला तर ते नवं काम. यामुळे काम हातचं गेलं असं झालेलं नाही. उलट आपल्याला काय हवंय हे ज्यांना नीट ठाऊक असतं, त्यांना हा कागद आवडतो.

*

वरच्या दादांच्या प्रश्नांत माझी एक भर : फाइल कोणत्या स्वरूपात येणार?

मी भाषांतर करते आणि मराठी मजकूर तपासून देते. युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आला की तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. त्यात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षरं फुटतात. 'वर्ष', 'कार्यक्रम', 'पुनर्विचार' असे शब्द मी एकेक शोधून तपासते, कारण बिघाड तिथे हमखास सापडतो. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुराचंही बऱ्याचदा तेच. एका माहितीपुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत तर मजकूर सुधारण्यापेक्षा अक्षरं जागेवर आणण्यातच जास्त वेळ गेला. नमुन्याचं एक पान आधी मागवा, आणि सफाई करावी लागणार असेल तर तिचा दर वेगळा सांगा. लोक देतात. काम काय आहे ते त्यांना दिसलं पाहिजे, एवढंच.

दर शब्दावर असेल तर शब्द मूळ मजकुराचे मोजा. इंग्रजीतून मराठीत येताना शब्दसंख्या घटते, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. मराठी शब्द मोजून पैसे घेतले तर पाल्हाळ लावणाऱ्याला जास्त आणि नेटकं लिहिणाऱ्याला कमी मिळतात. शिवाय मूळ शब्द मोजले की रक्कम काम सुरू होण्याआधीच दोन्ही बाजूंना माहीत असते.

*

शरीराबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर, कीबोर्ड वेगळा. डोळ्यांसाठी २०-२०-२० चा नियम : दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या कशाकडे तरी, वीस सेकंद बघायचं. मी कच्चा खर्डा पुष्कळदा चालता चालता बोलून टाइप करतो आणि मग बसून हाताने नीट करतो. मनगटं आणि मान, दोन्हींना आराम पडतो.

*

मी वसुलीबद्दल सविस्तर लिहिते, कारण नवी मंडळी इथेच खचतात. चांगलं लिहिणारी माणसं केवळ पैसे मागण्याच्या संकोचापायी हे काम सोडून गेलेली मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी सकाळी मी पैशांचं काम उरकते, बाकी दिवस त्याकडे बघत नाही. नवा क्लायंट असेल तर निम्मी रक्कम आधी. बिलावर "३० दिवसांत" असं लिहित नाही, प्रत्यक्ष तारीख घालते. कामाचं नाव त्यांनी मेलमध्ये जे वापरलं तेच ठेवते, म्हणजे लेखा विभागाला शोधावं लागत नाही. मोठ्या ठिकाणी बिल अडतं ते बहुतेक वेळा कोणाच्या वाईट हेतूने नाही. परचेस ऑर्डरचा, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या लेखी मागणीचा, क्रमांक राहिलेला असतो, नाहीतर ज्यांच्याकडे बिल गेलं ते रजेवर असतात. त्यासाठी काम ठरतानाच पैसे काढणाऱ्या व्यक्तीचा मेल मागून घ्यायचा. ज्यांनी लेख मागवला त्यांच्या हातात सहसा पैसे नसतात.

तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी हा मेल जातो : "नमस्कार. बिल क्रमांक अमुक, देय तारीख काल होती. ही रक्कम कोणत्या तारखेला निघेल ते कळवाल का? माझ्याकडून एखादा कागद हवा असेल तर आजच पाठवते." त्यात "त्रास देते" नाही, "सहज आठवण" नाही. विचारायचं ते तारखेबद्दल, म्हणजे उत्तरात तारीख येते.

कायदाही माहीत असू द्या. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने व्यावसायिक बिल थकलं तर बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर अधिक ८ टक्के इतकं व्याज मागता येतं. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फ्रीलान्सरांसाठी स्वतंत्र कायदा आहे. ठरावीक रकमेच्या पुढच्या कामाला लेखी करार लागतो, आणि करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. दूरदेशीच्या क्लायंटशी करार करताना त्यात कुठला कायदा लागू आहे ते आधी वाचा. आणि एक ओळ स्वतःहून घाला : मजकुराचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हस्तांतरित होतील. थकलेल्या बिलासाठी या ओळीचा मला सगळ्यांत जास्त उपयोग झाला आहे.

*

वसुलीवर लिहिणाऱ्या ताई, तो मेल मी जसाच्या तसा उतरवून घेतला. आभार.

मी व्हिडिओच्या संहिता आणि मुलाखतींवरचे लेख लिहितो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्यानंतर माझ्याकडची उत्पादनांची छोटी वर्णनं जवळजवळ थांबली. त्या जागी "हा एआयचा मसुदा आहे, जरा माणसाळवून द्या" अशी कामं येऊ लागली. लोक या कामांना हलकी डागडुजी समजतात. प्रत्यक्षात नाव, आकडा, अवतरण, सगळं पडताळावं लागतं, कारण यंत्र अस्तित्वात नसलेला संदर्भही तितक्याच ठामपणे देतं. मी आधी दोन परिच्छेद तपासतो, काय काय सापडलं ते लिहून पाठवतो आणि मगच हे संपादन की पुनर्लेखन ते सांगतो. त्यावर दर ठरतो.

दुसरा त्रास एआय ओळखणाऱ्या साधनांचा. मी स्वतः लिहिलेला लेख "यंत्राने लिहिलेला दिसतो" म्हणून परत आला होता. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं, हे मी त्या क्लायंटला कळवलं आणि सोबत गुगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी उघडून दिली. पहिलं वाक्य किती वेळा बदललं, मधला परिच्छेद वर कधी गेला, मुलाखतीतलं एक वाक्य आधी शेवटी होतं ते शीर्षकाखाली कसं आलं, सगळं त्यात दिसत होतं. लेख मंजूर झाला. मी प्रत्येक काम पहिल्या ओळीपासून तिथेच लिहितो आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणं जपून ठेवतो. माझं मत स्पष्ट आहे : फोन उचलून माणसांशी बोलणाऱ्या लेखकाला काम मिळत राहील.

*

मी दुसऱ्यांच्या नावाने लिहिते. नाव छापून येत नाही याचं मला दुःख नाही. एखाद्याचं बोलणं त्याच्याच लयीत कागदावर आलं की जो आनंद होतो तो मला पुरतो. मी आधी तासभर नुसतं ध्वनिमुद्रण ऐकते. माणूस कुठे थांबतो, कोणता शब्द टाळतो, उदाहरण आधी देतो की मुद्दा आधी मांडतो, ते टिपते आणि मग लिहायला घेते.

अडचण एकच, नवीन क्लायंटला दाखवायला नमुना नसतो. त्यासाठी गोपनीयतेच्या करारावर सही करण्याआधीच एक कलम मागते : संभाव्य क्लायंटला एक उतारा, नावगाव काढून, खाजगीत दाखवण्याची परवानगी. बरेच जण देतात. नाही देणाऱ्यांचा दर जास्त.

*

"तू घरीच असतेस ना, मग..." या वाक्यापुढे आमच्या नात्यातली निम्मी कामं येतात. सासूबाईंना मी एकदा शेजारी बसवून माझी आठवड्याची वही दाखवली, कोणता लेख कुणाकडे कधी जायचा आहे ते. तेव्हापासून दार लोटलेलं दिसलं की त्याच फोन घेतात आणि "ती कामात आहे" असं सांगतात. एकटेपणावर मात्र घरचे उपाय चालत नाहीत. मी आणि एक लेखिका मैत्रीण रोज दुपारी व्हिडिओ कॉल लावतो, आवाज बंद ठेवतो आणि आपापलं लिहितो. तास संपला की पाच मिनिटं बोलतो, तेवढ्यात अडलेलं शीर्षक सुटतं.

*

मी या कामात नवी आहे. एका जुन्या क्लायंटचं काम पहिल्यापासून त्याच दराने करते आहे. माणसं फार चांगली आहेत, पैसे वेळेवर येतात. दर वाढवायचा कसा, विचारायची हिंमत होत नाही.

*

धागा काढणारी मीच उत्तर देते. पैसे वेळेवर देणारी माणसं असतील तर हे बोलणं सोपं जातं. चालू लेखाच्या मध्येच विषय काढू नका. पुढच्या तिमाहीचे विषय ठरतात तेव्हा लिहा : "पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून माझा दर इतका असेल. आधी ठरलेले लेख जुन्याच दराने होतील." कारणांची यादी देऊ नका, महागाईचं सांगू नका. गेल्या काही महिन्यांत त्यांच्यासाठी केलेलं आणि त्यांना उपयोगी पडलेलं एखादं काम त्यात नमूद करा. त्यांचं बजेट खरंच तेवढं असेल तर पर्याय हाताशी असू द्या : चारऐवजी तीन लेख, रक्कम तीच, किंवा मुलाखत त्यांनी घ्यायची आणि लेख तुम्ही लिहायचा. मेल पाठवण्याआधी इथे टाकलात तर आम्ही वाचून देऊ.