मदत हवी आहे: "ताई, हे मी केलं का?" भावाला काय सांगू?

माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. ७ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. दीड वर्षापूर्वी बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या परस्पर बंद केल्या, त्यात दारू सुरू झाली. भिंतीवरचं घड्याळ आपल्याला हुकूम सोडतंय, असं म्हणायचा. सेल काढले तरी त्याला टिकटिक ऐकू यायची. एका रात्री तो आईच्या अंगावर धावून गेला. मी मध्ये पडले आणि फुटलेल्या घड्याळाची काच माझ्या मनगटात घुसली.

आधीच्या दोन औषधांनी उतार पडला नव्हता, म्हणून मग क्लोझापिन सुरू केलं. त्याने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं. एकदाही चुकला नाही तो. आवाज जवळजवळ गेलेत. दारू सुटून ११ महिने झाले.

मागच्या आठवड्यात माझी बाही वर सरकली, त्याने व्रण पाहिला आणि विचारलं. त्याला ती रात्र अर्धवटच आठवते. "छे, पडले होते," म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून तो गप्प आहे. आई अजून सुऱ्या कुलपात ठेवते, तेही त्याला दिसत असणारच.

नातेवाईक म्हणतात, असली माणसं कधी उलटतील सांगता येत नाही. मला हे पटत नाही. अमेरिकेतल्या १९९८च्या मॅकआर्थर अभ्यासात रुग्णालयातून घरी गेलेल्या, व्यसन नसलेल्या रुग्णांमध्ये शेजारच्या निर्व्यसनी लोकांपेक्षा जास्त हिंसा आढळली नव्हती. तरी रात्री त्याच्या खोलीत काही पडलं की मी दचकून उठून बसते.

खरं सांगावं का? आणि पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं, हे त्याच्याशी कसं बोलू?

प्रतिसाद:
ताई, मी तुमच्या भावाच्या जागी होतो. माझ्या हातून वडिलांचा हात मोडला. घरच्यांनी ते २ वर्षं लपवलं आणि मी मनात त्याहून भयंकर काहीतरी रचत राहिलो.

सांगा. आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला, मग दिवसाउजेडी, तो शांत असताना, थोडक्यात. औषध बंद होतं, तू आजारी होतास, मला लागलं. "काहीच झालं नाही" नको. नंतरचे काही दिवस त्याला एकटं पाडू नका. भान आलं की अपराधीपणा येतो, मला तेव्हा जगणं नकोसं झालं होतं. तसे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत.

आमच्याकडे एक कागद आहे, माझ्याच अक्षरातला. झोप उडाली, गोळ्या टाळल्या, पुटपुटणं सुरू झालं, की डॉक्टरांना फोन कोणी करायचा. मी अंगावर आलो तर वाद न घालता घराबाहेर पडून मदत बोलवायची. क्लोझापिन २ दिवसांहून जास्त चुकलं तर जुना डोस परस्पर सुरू करायचा नाही, हेही त्यात आहे.

सुऱ्यांचं कुलूप कधी काढायचं, ते त्याच्यासमोर बसून ठरवा. त्याला वगळून नको.