वाड्यातली मंडळी: नानांची सायकल

ताईआत्या (सांगली), सकाळी ६.१०
शुभ सकाळ. रात्रभर डोळा लागला नाही म्हणून लिहितेय. प्राचीने स्टेटसला टाकलेला नकाशा बघितला. नाना, खरंच निघालायस? त्रेसष्टावं लागलंय तुला. सहाशे किलोमीटर सायकल, तीही कॅलिफोर्नियाच्या जंगलातून आणि समुद्राच्या कड्याकडेने. कशेडी घाटातला अपघात विसरलास? मी नाही विसरले. तो फोन मलाच आला होता.

मेघना (नाशिक), ६.१९
आत्या, शुभ सकाळ. प्राचीताई पूर्ण वेळ गाडी घेऊन मागेपुढे असणार आहे ना? तसं असेल तर जरा शांत राहा. बीपीची गोळी घेतलीस का?

ताईआत्या, ६.२१
माझ्या गोळीचं राहू दे.

बंडूकाका (पुणे), ६.३०
सुप्रभात. माझा एकच प्रश्न आहे. नानाचा विमा काढलाय का? आणि त्यात सायकल टूर बसते का? तिकडे हाड मोडलं तर वाडा विकूनही बिल फिटायचं नाही.

सुमाकाकू (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया), ६.३४
वन्सं, मी सांगून थकले. ह्यांनी मेपासून रोज पहाटे सायकल काढलीय. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी चेनचं तेल असतं. मी तरी किती बोलू?

केतनराव (फ्रीमाँट), ६.५२
आत्या, नमस्कार. मी २०२२ मध्ये हा रस्ता दोन मित्रांबरोबर केलाय, म्हणून बरं-वाईट दोन्ही सांगतो. सुरुवात क्रेसेंट सिटीहून, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या अगदी वरच्या टोकाला, आणि शेवट गोल्डन गेट पुलावर. उत्तरेकडून दक्षिणेकडे अशासाठी की या दिवसांत वारा वायव्येकडून असतो, तो पाठीशी राहतो. उलट निघालं तर रोज तोंडावर वारा. आणि इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे खाली येताना समुद्राची बाजू आपली. दिसतं सुंदर. पण कडाही आपल्याच बाजूला असतो, हे लपवत नाही.
क्रेसेंट सिटीनंतर लगेच लास्ट चान्स ग्रेड नावाचा चढ आहे. तिथला डोंगरच समुद्राकडे सरकतोय. कितीतरी वर्षं रस्ता खचतो आणि दुरुस्त होतो. कडेला जागा नाही आणि लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक. तेवढा भाग बाबा प्राचीच्या गाडीतून जाणार. हे ठरलेलं आहे, त्यावर चर्चा नाही.

ताईआत्या, ६.५८
केतनराव, तुम्ही समजूतदार आहात म्हणून विचारते. डोंगर समुद्राकडे सरकतोय हे वाचून मला झोप लागेल असं तुम्हाला वाटलं का?

बंडूकाका, ७.००
विम्याचं उत्तर आलं नाही.

वसंतमामा (मिरज), ७.०४
🌹 सुप्रभात 🌹 आजचा दिवस आनंदात जावो. कॅलिफोर्निया म्हणजे वणवे लागतात तेच ना?

केतनराव, ७.१२
हो मामा, तेच. २०२० च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला बिग बेसिनचं रेडवुडचं, म्हणजे तिथल्या प्रचंड उंच झाडांचं, जंगल जवळजवळ सगळं भाजून निघालं. तो भाग आपल्या वाटेवर नाही. जुनी रेडवुड मात्र बरीचशी जगली. त्यांची साल फूटभर जाड असते, ती आग सहज धरत नाही. नंतर काळ्याठिक्कर खोडांना खालपासून वरपर्यंत हिरवे धुमारे फुटले. आपल्या वाटेवर धूर असला तर पहिल्याच दिवशी गाडीत बसून परत, एवढं नक्की.

रोहन (पुणे), ७.२०
नानाकाका, जगातलं सगळ्यात उंच झाड त्याच भागात आहे ना? हायपेरियन, जवळजवळ ११६ मीटर. कुतुबमिनारच्या दीडपटीहून उंच! बघून या आणि फोटो पाठवा.

केतनराव, ७.२३
रोहन, तिकडे जायचं नाही. लोकांनी झाडाभोवतीची माती तुडवून टाकली, म्हणून २०२२ पासून त्या जागी जायला बंदी आहे. ५००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

रोहन, ७.२४
५००० डॉलर? तेवढ्यात वाड्याचं अख्खं छप्पर होईल.

बंडूकाका, ७.३१
रोहनने विषय काढलाच आहे तर बोलतो. छपराचे प्रत्येकी चाळीस हजार जूनच्या मीटिंगमध्ये ठरले. आतापर्यंत दोनच हिस्से आलेत. नावं घेत नाही. माजघरात अजून तीन ठिकाणी गळतंय. नव्या सायकली मात्र येतात.

सुमाकाकू, ७.३५
भावजी, नाव घ्या की. ती सायकल जुनी आहे, दुसऱ्याची वापरलेली. प्राचीने वडिलांना वाढदिवसाला दिली. आणि आईंच्या आजारपणात चार महिने वाड्यात कोण होतं तेही लिहू का इथे?

बंडूकाका
हा मेसेज डिलीट करण्यात आला.

रोहन, ७.३८
सॉरी. माझ्या तोंडून निघून गेलं.

ताईआत्या, ७.४०
बंडू, काय लिहिलं होतंस ते मी वाचलंय. पैशांचं फोनवर बोला. इथे पोरं आहेत.

बंडूकाका, ७.४७
ताई, ठीक. पण पितृपंधरवड्यात हे सायकलवर असणार आणि आईची नवमी मी एकटाच करणार, दरवर्षीसारखी. तेवढं तरी म्हणू दे. आणि विम्याचा प्रश्न तसाच आहे.

मेघना, ८.०५
थोडं कामाचं बोलते. नानाकाका, स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट मी पाहिला, चांगला आहे. मला उन्हापेक्षा थंडीची धास्ती आहे. आपल्याला कॅलिफोर्निया म्हटलं की ऊन आठवतं, पण त्या किनाऱ्यावर सप्टेंबरच्या भर दुपारीही सोळा-सतरा अंश असतं. चढ चढून घामाने भिजायचं आणि ओल्या बनियनवर उतार सुटायचा, त्यात अंगातली ऊब जाते. चढाच्या माथ्यावर थांबून कोरडं घाला आणि वरून वाऱ्याचं जाकीट. माथ्यावर. खाली पोचल्यावर नाही. आणि अस्वलं आहेत का तिथे?

केतनराव, ८.१३
काळी अस्वलं आहेत. कॅम्पवर खाण्यासाठी लोखंडी पेट्या असतात, सगळं त्यात कुलूपबंद. टूथपेस्टसुद्धा. खरं तर मी एल्कला जास्त जपतो. ती मोठी हरणं, सप्टेंबरात नर माजावर असतात. प्रेअरी क्रीकला कॅम्पशेजारच्या कुरणात कळप चरतो. तिथे लांबूनच बघायचं.

प्राची (फ्रीमाँट), ८.२०
आत्या, राहण्याचं सांगते. सरकारी उद्यानांत पायी किंवा सायकलने येणाऱ्यांसाठी वेगळी जागा असते, बुकिंग लागत नाही, माणशी थोडे डॉलर घेतात. मी गाडीने जाणार म्हणून मला ती जागा मिळत नाही, मी जवळच्या गावात खोली घेतलीय. रोज संध्याकाळी डबा घेऊन कॅम्पवर जाणार. म्हणजे बाबा रोज मला दिसणार.

ताईआत्या, ८.२४
हे आधी का नाही सांगितलंस?

प्राची, ८.२५
सांगणार होते. तेवढ्यात छप्पर आलं.

बंडूकाका, ८.३१
विमा.

नाना (फ्रीमाँट), ९.०२
सगळं वाचलं. सायकल धूत होतो. सावकाश लिहितो, घाईत लिहिलं की माझं चुकतं.
ताई, कशेडी मी रोज आठवतो. कॉलरबोन थंडीत अजून बोलतं. त्या दिवशी चूक माझी होती. पाऊस, रस्त्यावर सांडलेलं डिझेल आणि अंधार पडायच्या आत खाली पोचायचं म्हणून मी सोडलेला ब्रेक. आता घाईचा दिवसच ठेवला नाही. रोज साठ किलोमीटरच्या आत, पहाटे निघायचं, दुपारी एकला तंबू. सकाळी वाहनं कमी असतात. पालोमारेस रोडचा चढ दर आठवड्याला सामानासकट चढतोय. पाठीमागे दोन दिवे, अंगात भडक पिवळं जाकीट. इथे मोटारवाल्यांनी सायकलपासून निदान तीन फूट लांबून जायचा कायदा २०१४ पासून आहे. सगळे पाळतात असं म्हणत नाही, म्हणून आरसाही बसवलाय.
का जायचं ते सांगतो. जुलैत केतनने मला एकदा ह्युम्बोल्टच्या रेडवुडच्या जंगलात नेलं. जायंट्सचा रस्ता म्हणतात, पन्नास किलोमीटर, ईल नदीच्या काठाने. गाडी थांबवून मी उतरलो. इतकं शांत, की आपला श्वास ऐकू येतो. झाडं इतकी जवळजवळ की दुपारी दिवा लावावासा वाटतो. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नाही. समुद्रावरून धुकं आत येतं, पानांवर साचतं आणि थेंब थेंब खाली पडतं. झाड त्यावर उन्हाळा काढतं. मी खाली उभा होतो आणि आकाश कोरडं असताना डोक्यावर पाणी पडत होतं.
तिथे डायरव्हिलचा मोठा वृक्ष आडवा पडलाय, १९९१ च्या मार्चमध्ये पडला. त्याच्या मुळांशी उभा राहिलो तर माझ्यापेक्षा कितीतरी उंच मुळांची भिंत. पण मुळं खोल नव्हती. ही झाडं मुळं खोल नेत नाहीत, लांबवर पसरतात आणि शेजारच्या झाडाच्या मुळांत गुंततात. तशी उभी राहतात. हे मोटारीतून वाचून पुढे गेलो असतो. सायकलवरून जायचंय ते यासाठी. दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने.
एकेकाळी अशा जुन्या झाडांचं जंगल होतं त्यातलं आता शंभरात पाचच उरलंय. तेही १९१८ पासून लोकांनी वर्गण्या काढून एकेक तुकडा विकत घेतला म्हणून. मला ते बघायचंय, ताई. गुडघे चालतायत तोवर.
बंडू, विमा काढलाय. पॉलिसी सोबत टाकतो. छपराचे चाळीस काल रात्री पाठवले, बँकेचा मेसेज बघ. उशीर झाला, ते चुकलं. आईच्या नवमीला मी जिथे असेन तिथे नदीकाठी पाणी सोडेन, पण पिंड तुझ्याच हातून, ते मला माहीत आहे.

वसंतमामा, ९.१०
🙏🙏

बंडूकाका, ९.२२
पैसे आलेत. पॉलिसी वाचतोय.

ताईआत्या, ९.३०
पुढचा रस्ता कसा आहे? समुद्राचा?

केतनराव, ९.४१
आत्या, लेगेटला मोठा हायवे सोडून एक नंबरचा रस्ता धरायचा. तो सुरुवातीलाच चढतो, त्या अख्ख्या रस्त्यावरचं सगळ्यात उंच ठिकाण तेच, सहाशे मीटरच्या आसपास. मग लांबच लांब उतार, पुन्हा रॉकपोर्टचा एक चढ, आणि मग झाडं अचानक संपून समोर समुद्र. पुढे मेंडोसिनोचे कडे, पॉइंट अरीनाचं दीपगृह. जुनं दीपगृह १९०६ च्या भूकंपात गेलं, आताचं १९०८ चं. तिथून जेन्नरपर्यंत रस्ता नागमोडी, कड्याच्या अगदी कडेने. ते दोन दिवस मी बाबांच्या मागे राहणार. धुकं दाट असलं तर तंबूतून निघायचंच नाही. शेवटी मरीन हेडलँड्सचा चढ आणि गोल्डन गेट.

ताईआत्या, ९.४८
मोबाईलला रेंज असते?

केतनराव, ९.५०
बऱ्याच ठिकाणी नसते. म्हणून सॅटेलाइटचं छोटं यंत्र घेतलंय. दर दहा मिनिटांनी आम्ही नकाशावर दिसू. लिंक इथे टाकतो.

रोहन, ९.५१
आत्या, तुझ्या फोनवर मी उघडून देतो. शनिवारी सांगलीला येतोय.

बंडूकाका, १०.१५
पॉलिसी वाचली. पान ११ बघा. सायकल चालते, शर्यत चालत नाही. पण आधीच्या दुखापतीची माहिती अर्जात दिली नसेल तर क्लेम नाकारू शकतात. कॉलरबोन लिहिलंय का? नसेल तर उद्याच लिहून कळव आणि पोच घे. मी इथून फोन लावून विचारतो.

नाना, १०.१९
लिहिलं नव्हतं. बरं झालं बघितलंस. उद्या सकाळी पहिलं तेच.

सुमाकाकू, १०.२२
भावजी, मघाशी मी जरा जास्त बोलले.

बंडूकाका, १०.२४
वहिनी, मीही. छपराचा माणूस रविवारी येतोय, अंदाज घेऊन कळवतो.

ताईआत्या, १०.४०
माझ्या अटी आहेत. लास्ट चान्सला गाडीतच बसायचं, केतनरावांनी सोबत फोटो पाठवायचा. लोकरीची टोपी, मी विणलेली, हेल्मेटखाली बसते का आताच घालून बघ. बसत नसेल तर कानपट्टी विणून मेघनाच्या ओळखीचं कोणी येतंय त्यांच्याकडे देते. आणि लेगेटचा चढ संपला की फोन. रेंज नसेल तर रेंज येईल तिथून. इथे मध्यरात्र असली तरी चालेल, मी जागीच असते.

नाना, १०.४४
टोपी बसते. पट्टा एक घर सैल केला.